चाक शून्यावर

आमच्या घरातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे ढोल. जातं नव्हे, पाटा नव्हे, मायच्या लग्नात आलेला पाण्याचा पितळी गुंडही नव्हे. हा ढोल वाजवायचा नव्हता. तो एक ट्रान्सफॉर्मर होता. लोखंडी जाळीच्या गोल पिंजऱ्यात बसवलेला, आत तांब्याच्या तारेचे जाड वेढे आणि डोक्यावर एक काळं चाक. चाक पुढे फिरवलं की नाटकातला दिवा हळूहळू उजळायचा, मागे फिरवलं की मावळायचा. राजाचा महाल, स्मशान, पहाट, नायिकेचं स्वप्न, सगळं त्या एका चाकावर चालायचं, आणि ते चाक फिरवणारे माझे बाबा. माणिकभाऊ लाइटवाले म्हटलं की पोंभुर्ण्यापासून थेट वडशापर्यंत नाटकमंडळ्यांतला कोणीही आमचं घर दाखवायचा. धान घरात आलं की आमच्या भागात नाटकं सुरू होतात ती शिमग्यापर्यंत. मंडईची जत्रा असो की शंकरपटाची बैलांची शर्यत, गावात नाटक नसेल तर पाहुणे नाक मुरडतात. नागपूरच्या पलीकडच्या माणसाला हे सांगितलं तर मी थापा मारतेय असं त्याला वाटतं, म्हणून मी आता सांगायचं सोडलंय.

हंगाम संपला की ढोल घरी यायचा आणि ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसायचा. पावसाळ्याची ओल धरू नये म्हणून बाबा अधूनमधून त्याला वीज जोडायचे. मग तो गुंगायला लागायचा. तो आवाज कानापेक्षा तळपायाला आधी कळायचा, सारवलेल्या जमिनीतून. माय चुलीपाशी लाखोळीचं वरण ढवळत असायची. तिला तो आवाज अजिबात खपायचा नाही. "घरात भुंगे पोसले या माणसानं," म्हणायची. मला मात्र त्या आवाजात छान झोप लागायची. घरभर जिलेटिनच्या रंगीत कागदांचे तुकडे पडलेले असत. एक लाल तुकडा मायनं खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवला होता. सकाळी त्यातून ऊन आलं की चुलीचा धूर लाल, भात लाल, झिंग्यांची चटणी तर विचारूच नका. आम्ही दोघं भावंडं त्या लाल जागेत ताट घेऊन बसायला भांडायचो. मोठा भाऊ भांडणात जिंकायचा आणि मग जागा मलाच देऊन उठायचा, असा त्याचा स्वभाव.

बाबा घरात मऊ होते, पण मंडपात त्यांचा शब्द चालायचा. वीज जोडताना फेज कुठली आणि न्यूट्रल कुठली हे टेस्टर लावून पाहिल्याशिवाय ते ढोलाला हात लावू द्यायचे नाहीत. बल्ब उडाला तर चाक शून्यावर आणायचं, शिडी लावायची, जुना बल्ब काढायचा, नवा बसवायचा. चाक शून्यावर म्हणजे तार मेलेली. ढोलाच्या बाबतीत ते खरंच होतं. मेन स्विच पाडायची गरज नसायची, आणि पाडायचा म्हटलं तरी कोणी पाडू दिला नसता. संध्याकाळी रंगमंचाची पूजा होऊन नारळ फुटला की नाटक संपेपर्यंत मेन पडू द्यायचा नाही, हा सगळ्या मंडळ्यांचा रिवाज. मेन पडला म्हणजे मंडप काळा, माइक मुका, आणि पूजेचा दिवा आपल्याच हातानं विझवल्यासारखं. एका गावात पोरांनी खोडी म्हणून मेन पाडला होता, तर त्या मंडळीनं पुन्हा नारळ फोडून, पुन्हा नांदी म्हणून पहिल्यापासून नाटक सुरू केलं होतं. बाबांच्या सगळ्या आयुष्यात नारळानंतर मेन कधी पडला नाही. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

ढोल दोन माणसं उचलायची, पण बाबा एकटेच उचलायचे. त्याचं व्हायचं तेच झालं. आतडं उतरलं, चंद्रपूरच्या डॉक्टरनं शिवलं, आणि घरी पाठवताना बजावलं की आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. बाबा घरी येऊन ढोलाकडे पाठ करून बसले. माय म्हणाली, दुसरे उचलतील, तुम्ही चाक फिरवा. "दुसऱ्यानं उचललेला ढोल मी फिरवू?" बाबा म्हणाले. "त्यापक्षा गेटवर तिकिटं फाडतो ना मंग." हे ते चिडून म्हणाले होते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या बाबांना मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

माझा भाऊ विलास, आम्ही त्याला दादा म्हणतो, आयटीआय करून बल्लारपूरच्या एका ठेकेदाराकडे लागला होता. कारखान्यांतली विजेची पॅनेलं दुरुस्त करायचं काम. तिथं त्यानं थायरिस्टर पाहिला होता. बोल्टासारखी दिसणारी वस्तू, मुठीत मावणारी, आणि भट्टीला लागणारी वीज तिच्यातून सोडता-रोखता येते. "बाबा, तुमाले आता उचलाचं कामच नाई," तो म्हणाला, "मी दुसरं बनवून राह्यलो." भंगारातल्या पॅनेलांतून त्यानं ते थायरिस्टर मिळवले, अॅल्युमिनियमच्या पात्यांवर बसवले, पत्र्याच्या डब्यात घातले. अख्खा पावसाळा सुटीच्या दिवशी ओसरीवर डिंक जळाल्यासारखा डागकामाचा वास. डबा तयार झाल्यावर मायनं तो एका हातानं उचलला आणि हसत सुटली. "एवढासा? याच्यात लाइट कुठी राह्यते गा?"

डब्याला खरं तर बोटानं फिरवायची एवढीशी घुंडी पुरली असती. पण दादानं त्यावर ढोलासारखंच काळं चाक बसवलं, तेवढंच मोठं, आणि शून्याची पांढरी खूणही त्याच जागी काढली. बाबांच्या हाताला परकं वाटू नये म्हणून. त्या चाकासाठी तो कुठं कुठं फिरला होता हे मला माहीत आहे. बाबांनी आठवडाभर डब्याकडे पाहिलं नाही, मग एका दुपारी आम्ही जेवत असताना हळूच उठले आणि चाकावर हात ठेवला. भिंतीवरचा दिवा उजळला, मावळला, पुन्हा उजळला. "हात तर तोच लागते," ते म्हणाले. दादा ताटावर मान घालून जेवत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते.

आता हे थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मला ते दादानं नंतर इतक्या वेळा समजावलं की झोपेतही सांगेन. ढोल वीज खरोखर कमी करायचा. चाक शून्यावर आणलं की बाहेर जाणाऱ्या तारेत काही उरायचंच नाही. थायरिस्टर वीज कमी करत नाही. तो दारासारखा आहे. डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं उघडतो आणि मिटतो, जास्त वेळ मिटलेला राहिला की दिवा मंद दिसतो. चाक शून्यावर म्हणजे दार मिटलेलं, एवढंच. दाराच्या मागे सगळी वीज तशीच उभी असते, आणि थायरिस्टर जळू नये म्हणून त्याच्या बाजूनं जो एक छोटा भाग जोडतात त्यातून थोडी पलीकडे झिरपते. बल्ब जागेवर असेल तर ती झिरपलेली वीज बल्बातून निघून जाते. दिवा लागत नाही, टेस्टरही लागत नाही. बल्ब काढला की तिला वाट उरत नाही. मग ती रिकाम्या होल्डरमध्ये वाट पाहत थांबते, आणि पहिला हात लागेल त्याच्यातून जाते. दादाला थायरिस्टर ठाऊक होता. बाबांची सवयही ठाऊक होती. ही दोन्ही एकत्र केल्यावर काय होईल हे त्याच्या मनात आलं नाही. माझ्या चंद्रपूरच्या घरात पंख्याचं रेग्युलेटर आहे ते याच जातीचं. जावई त्याला हात लावायला गेले की मी आधी जाऊन मेन पाडते. ते हसतात. हसोत बापडे.

पहिले काही खेळ डब्यानं गाजवले. एक कुरकूर तेवढी होती: दिवा अर्धा मंद केला की बल्बातून बारीक सूर निघायचा आणि लाउडस्पीकरमध्ये घरघर यायची. ऑर्गनवाला बाबांना म्हणायचा, "भाऊ, तुमचा डबा बेसूर गाते." पण डबा काखेत मारून बाबा बसमधून उतरायचे तेव्हा त्यांची चाल बदललेली असायची. बाकीच्या मंडळ्यांनी तसेच डबे मागितले. दादानं आणखी दोन केले. एक रामदासभाऊंनी नेला. हे सिंदेवाहीकडचे लाइटवाले, बाबांच्या हाताखाली शिकलेले, आमच्या घरी आले की मायच्या हातची अंबाडीची भाजी मागून खाणारे. आमचा ढोल तांब्याच्या भावात गेला. बैलबंडी वळणाआड जाईपर्यंत बाबा दारात उभे होते.

बाबा पडले त्या दिवशी मी आणि माय मंडपात पुढेच बसलो होतो. मूल शहराजवळचं एक गाव, मंडईचा दिवस, ऊन नुकतंच उतरलेलं. नारळ फुटला होता, लोक सतरंज्या धरून बसत होते, कुठं जिलेबीचा वास, कुठं पोरांची रडारड. रंगमंचाच्या उजव्या बाजूचा मोठा दिवा काळवंडून अंधुक पडला. बाबांनी चाक शून्यावर नेलं, सोबत आलेल्या दादाला डब्यापाशी उभं केलं आणि शिडी लोखंडी खांबाला टेकवून चढले. मंडळाचे मालक खालून ओरडले, "माणिकभाऊ, दुसऱ्याले चढवा ना." बाबांनी हात हलवून त्यांना उडवून लावलं. वर जाऊन त्यांनी खिशातला टेस्टर काढला, होल्डरला लावला. तो लागला नाही. मी पाहिलं, नाही लागला. मग त्यांनी बल्ब फिरवून काढला, खाली झेलायला दिला, एका हातानं खांब धरला आणि दुसरा हात होल्डरमध्ये घातला. त्यांच्या तोंडातून दचकल्यासारखा एक हुंकार आला. मग ते पाठीवर पडले, रंगमंचाच्या फळीच्या कडेवर.

जीप मिळेपर्यंत, फळीवर निजवून नेईपर्यंत काय काय झालं ते माझ्या डोक्यात सलग नाही. पुढे मी नर्स झाले, असे शेकडो जीव उचलून घेतले, पण त्या दिवशी मला त्यांच्या पायाला हात लावायची हिंमत झाली नाही. माय जीपमध्ये बसली. मी मागं वळून पाहिलं तर दादा शिडीवर होता. रिकाम्या होल्डरला टेस्टर लावत होता. टेस्टर लागला होता. दादा खाली उतरला, नवा बल्ब घेऊन पुन्हा चढला, तो बसवला, टेस्टर लावला, विझलेला. बल्ब काढला, लागला. पुन्हा बसवला, पुन्हा काढला. चाक तसंच शून्यावर होतं. मी खालून त्याला हाका मारत होते आणि तो वेड्यासारखा तेच करत होता.

मणक्यात मोडलं होतं. कमरेखालचं सगळं गेलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात दादा खाटेशी वाकून म्हणाला, "बाबा, करंट लागला ना?" बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे कोणाले सांगाचं नाई." घरी आणल्यावर माणसांची रीघ लागली. आलेला प्रत्येक जण विचारायचा, काय झालं, आणि बाबांचं उत्तर ठरलेलं: पाय घसरला, शिडीवर दव होतं. ऊन नुकतंच उतरलेलं असताना दव कुठून आलं हे कोणी विचारलं नाही. आजाऱ्याला कोण उलटं विचारणार?

पण दादाचे दोन डबे अजून बाहेर होते. एक त्यानं सायकलवर जाऊन परत आणला, जवळजवळ हिसकावूनच. रामदासभाऊंची मंडळी तेव्हा एटापल्लीकडे गेली होती. दादा दोन बसा बदलून तिथं पोचला. म्हणाला, डबा द्या. हंगामाच्या मध्यात डबा कोण देतो? ठीक आहे, दादा म्हणाला, मग मी वीज पुरती तोडणारा एक स्विच लावून देतो, तोवर बल्ब बदलायचा तर मेन पाडा. मंडळीतले लोक हसले नाहीत, पण एकमेकांकडे पाहायला लागले. बाप स्वतः सांगतो पाय घसरला, आणि हा पोरगा म्हणतो डब्यानं पाडलं. दुःखानं डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं. रामदासभाऊंनी त्याला चहा पाजला, बसमध्ये बसवून दिलं आणि म्हणाले, तिकडे आलो की मी स्वतः भाऊंना विचारतो.

आणि ते खरंच आले. सज्जन माणूस होता. त्यासाठीच वाट वाकडी करून आला. मायनं सुपारी कातरून दिली, मी चहा केला. बाबांच्या पाठीला तेव्हा जखमा व्हायला लागल्या होत्या. दादानं त्यांना कुशीवर वळवलं होतं आणि तो तिथंच पायथ्याशी बसला होता. रामदासभाऊ खाटेजवळ सरकले.

"भाऊ, मी तुमाले विचारालेच आलो. विलास म्हणते, डब्यानं करंट मारला. तुमी सांगान ते खरं."

बाबांनी दादाकडे पाहिलं. मग छताकडे पाहत म्हणाले, "पाय घसरला, रामदास."

"मंग पोरगा काऊन असा म्हणून राह्यला?"

"पोरगा आहे. बाप पडला, त्याले सहन होत नाई. तू जपून राह्य गा, ओला हात लावू नको. बाकी डबा चांगला आहे."

"बाबा!" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी कपबशी घेऊन आत गेले. रामदासभाऊंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. त्यांनी बाबांच्या निर्जीव पायांना हात लावून नमस्कार केला आणि सायकल काढली. दादा वेशीपर्यंत त्यांच्या मागं धावला. मीही धावले. "रामदासभाऊ, मी पाया पडतो तुमच्या," तो म्हणत होता, "बल्ब बदलाचा तर मेन पाडा. एवढंच करा." रामदासभाऊ सायकलवरून उतरले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "नारळ फुटल्यावर मेन पाडू? तुह्या बापानं जन्मात नाई पाडला, विलास. घरी जाय, त्याची सेवा कर."

घरी आल्यावर दादा खाटेसमोर उभा राहिला. मी त्याला बाबांशी वरच्या आवाजात बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, तुमी त्या माणसाले मारून राह्यले."

"अन् खरं सांगू तर लोक काय म्हणतीन? पोरानं बापाले मोडलं. जनमभर म्हणतीन. तुले काम कोण देईन? पोरगी कोण देईन?"

"मले नाई पाहिजे!"

"चूप राह्य. मी अजून मेलो नाई."

मला बाबांचा राग आला. आजही येतो. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत नाही असं नाही. पोराला वाचवायचं होतं. आणि थोडं, निदान थोडं तरी, हेही होतं की माणिकभाऊ लाइटवाल्याला करंट लागला असं कोणी म्हणू नये. ओला हात लावू नको एवढं सांगितलं म्हणजे सावध केलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली असणार. मोडलेला माणूस खोटं बोलला तर त्याला माफ करावं, असं माझ्या ओळखीचे सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी रामदासभाऊंचा चेहरा पाहिलेला नाही.

शिमग्याला थोडे दिवस होते. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा जड वास घरभर होता. दुपारी रामदासभाऊंच्या मंडळीतला एक माणूस सायकलवर आला आणि दारातच टेकला. काल संध्याकाळी बल्ब अंधुक झाला, रामदासनं चाक शून्यावर नेलं, टेस्टर लावला, जुना बल्ब काढला, लोखंडी पाइप धरून नवा बसवायला गेला. सुटलाच नाही. शेवटी कोणीतरी मेन पाडला तेव्हा खाली आला. तो माणूस सांगत होता आणि दादा उभ्याचा खाली बसला, मोहफुलांत. मायनं तोंडाला पदर लावला. आतून बाबांचा आवाज आला, "पोरं लहान आहेत ना त्याची?" त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी भाताला हात लावला नाही. मी भरवायला गेले तर दात मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी ते दादाला म्हणाले, "विलास, तेरवीले मले रामदासच्या घरी ने." माय म्हणाली, अशा अंगानं कुठं जाता, रस्त्यात काही झालं तर. ते म्हणाले, "होऊ दे."

शेजारच्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्ही धानाची तणीस भरपूर अंथरली आणि खाटेसकट बाबांना वर ठेवलं. मी उशाशी छत्री धरून बसले, दादा खाट हलू नये म्हणून तिला धरून. रस्ता कसला, खड्डेच. प्रत्येक खड्ड्याला बाबांचा चेहरा पांढरा व्हायचा, पण ते एकदाही थांबा म्हणाले नाहीत. जखमांतून रक्त येऊन चादर भिजली होती हे मला पोचल्यावर दिसलं. त्या प्रवासानं त्यांचे दिवस कमी केले, यात मला नर्स म्हणून शंका नाही. पुढचा पोळा त्यांनी पाहिला नाही.

रामदासभाऊंच्या अंगणात मांडव होता. सगळ्या मंडळ्यांचे लाइटवाले आले होते, रिवाजानं येतातच. खाट आत आली तसे सगळे उठून उभे राहिले. माणिकभाऊ अशा अवस्थेत आले म्हणून काहींचे डोळे भरले. रामदासभाऊंची बायको सुमनबाई दाराशी बसली होती, धाकटी पोरगी मांडीवर. बाबांनी खाट तिच्यासमोर ठेवायला लावली. मग तिच्याकडे न पाहता लाइटवाल्यांकडे पाहून ते बोलले. आवाज बारीक झाला होता, पण अंगणात दुसरा आवाजच नव्हता.

"माझा पाय नाई घसरला. मले करंट लागला. चाक शून्यावर होतं, टेस्टर पाहिला होता, बल्ब काढला अन् लागला. पोरगा सांगत होता ते खरं. मी खोटं बोल्लो."

मागून एका म्हाताऱ्या लाइटवाल्यानं विचारलं, "मंग भाऊ, नारळ फुटल्यावरबी मेन पाडाचा?"

"पाडाचा," बाबा म्हणाले. "अपशकुन माझ्या नावावर."

सुमनबाई इतका वेळ पोरीच्या केसांतून हात फिरवत होती. तो हात थांबला. "भाऊ," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती, "ते तुमाले हेच विचाराले आले होते ना तुमच्या घरी?"

बाबांनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले.

"अन् तुमी नाई सांगितलं."

"नाई सांगितलं."

तिनं मान हलवली, जणू हिशोब लागला. पोरीला कडेवर घेतलं आणि आत निघून गेली. बाबा तसेच तिच्या रिकाम्या जागेकडे पाहत पडून होते. पंगत बसायची होती, पण पत्रावळी कोणी मांडेना. आम्हाला जा म्हणेना, बसा म्हणेना. ऊन मांडवाच्या कडेतून बाबांच्या तोंडावर यायला लागलं. शेवटी दादा पुढे झाला आणि त्यानं खाटेचा एक पाय धरला. बाकीचे तीन पाय धरायला तिघं लाइटवाले उठून आले.